वर राहिलेला हात

माझ्या धाकट्या बहिणीला मी एकदाच मारलं. दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती, जेवणं झाली होती, आणि ती मागच्या खोलीत धानाच्या पोत्यांशेजारी बाजेवर पडली होती. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, मी एकतीस वर्षांची. तिला ती थप्पड आठवत नाही. तो अख्खा महिनाच तिच्या डोक्यातून पुसला गेला आहे. मला मात्र माझ्या पंजाखाली तिचा जबडा हलत होता, हेही आठवतं.

नव्व्याण्णव साली मला सालेकसा तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. आमचं घर गोंदियाला लागून, फुलचूरला. रोज गाडीनं जायचं, गाडीनं यायचं. बाबा रेल्वेत गँगमन होते, त्यामुळे गाडी चुकली तर घरी बोलणी बसायची, जणू मीच रूळ उखडले. शाळेबरोबर मी आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. गावोगावी जाऊन बुवाबाजीचे प्रयोग करून दाखवायचे. लिंबातून रक्त काढायचं, जिभेवर कापूर जाळायचा, नारळ आपोआप पेटवायचा आणि मग त्यातली हातचलाखी फोडून सांगायची. पोरं टाळ्या वाजवायची. मला त्या टाळ्यांची चटक लागली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्यातला शेवटचा प्रयोग अंगात येण्याचा. एका शिबिरात कुणीतरी एक साधी परीक्षा शिकवली होती. बेशुद्ध पडल्यासारखी दिसणारी बाई असेल, तर तिचा हात उचलून तिच्याच तोंडावर धरायचा आणि सोडून द्यायचा. खरोखर शुद्ध नसेल तर हात धाडकन तोंडावर आपटतो. ढोंग असेल तर बाजूला पडतो, कारण स्वतःचं नाक कुणी फोडून घेत नाही. ही परीक्षा मी पाचसहा जणींवर तरी केली होती आणि सगळ्यांचे हात बाजूला पडले होते. गावातल्या बाया हसायच्या. जिच्यावर प्रयोग केला ती मान खाली घालून निघून जायची. तिचं काय होत असेल, असा विचार मी कधी केला नाही.

आमच्या घरात या गोष्टींना दारच नव्हतं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, गावी परतले, देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत घातले आणि गावाबाहेरच्या बोडीत नेऊन सोडले. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की टोपलीचा काठ कुठं तुटलेला होता तेही आम्हाला माहीत होतं. आमच्याकडे नवस नाही, उतारा नाही, अंगात येणं तर नाहीच. या गोष्टीचा घरात सगळ्यांना अभिमान होता आणि सगळ्यात जास्त मला होता.

बहीण गोंदियाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. बडबडी, खादाड, आणि माझ्या प्रयोगांची मदतनीस. पेटणाऱ्या नारळात औषध तीच भरायची. माझ्या नोकरीला दहाअकरा वर्षं झाली होती; त्या दिवाळीच्या आधी तिचं चार दिवस डोकं दुखलं, बारीक ताप आला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताप गेला, पण जाताना तिची झोप घेऊन गेला. ती रात्रभर जागी, दिवसभर जागी. एका सकाळी मला म्हणाली, "ताई, पंखा माह्याबद्दल बोलून राहिला."

मी म्हणाले, "पंख्याले दुसरा काही विषय नाही का वो?"

ती हसली नाही. माझ्या असल्या बोलण्यावर ती हसली नाही, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलू लागली. "दार लाव ना वो, दार लाव ना वो." दार लावलेलंच असायचं. दोन दिवसांनी तिचं तोंड हलायला लागलं. जबडा डावीकडे, उजवीकडे, ओठ मुडपायचे, जीभ थोडी बाहेर येऊन आत जायची. मायनं ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात जे आलं ते आमच्या भागातल्या कुठल्याही मायच्या डोक्यात आलं असतं.

"खर्रा खाऊन राहिली का तू?" मायनं विचारलं. "कोनं लावली तुले सवय? कालेजात हेच शिकवते का?"

सुपारी-तंबाखूचा खर्रा आमच्याकडे शाळेतल्या पोरांच्या खिशातही सापडतो, म्हणून मलाही ते खरं वाटलं. मी तिच्या तोंडात दोन बोटं घातली. गालाच्या आत, जिभेखाली, सगळीकडे पाहिलं. काही नव्हतं. तोंड स्वच्छ होतं, आणि ते रिकामं तोंड माझी बोटं चावत होतं. जोरात नाही, एका लयीत. मी बोटं काढून घेतली तरी जबडा चालूच राहिला. मी बाहेर जाऊन साबणानं दोनदा हात धुतले. कशाची घाण वाटली होती, मला सांगता येणार नाही. भीती होती ती, मी तिला किळस समजले.

पुढे हात सुरू झाले. डावी मूठ घट्ट आणि उजव्या हाताची बोटं हवेतून काहीतरी ओढतायत, थोडं थोडं, न थांबता. रोवण्याच्या वेळी बाया वाफ्यातून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटतात ना, अगदी तसं. चेहरा मधूनच एका बाजूला खेचला जायचा आणि ती हसतेय असं वाटायचं. डोळे मात्र हसत नसायचे. एकदा मी समोर उभी राहून तिला हाक मारली, तर तिनं माझ्यातून पलीकडे पाहिलं.

शेजारची बाई हिंदी बोलणारी, तीस वर्षांपासूनची शेजारीण. तिच्या अंगात दर नवरात्रात देवी यायची, आणि तिच्याशी माझं त्यावरून जुनं भांडण होतं. तिनं खिडकीतून आत पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "माता आई है बेटी पे," ती म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन निघून गेली. संध्याकाळपर्यंत आमच्या मूळ गावाहून बाबांना फोन आला. गावात बोलणं सुरू झालं होतं, की बोडीत बुडवलेले देव वापस आले, आज्यानं फेकले आणि नातीनं धरले.

बाबांनी फोन ठेवला. मग उठले आणि मागच्या खोलीची खिडकी लावून घेतली.

आमची चूक ती. दुसऱ्या कुणी पोरीला मांत्रिकाकडे नेलं असतं. आम्ही नेणार नव्हतो, म्हणून आम्ही तिला लपवलं. आजोबांनी टोपली रिकामी केली त्या घरात देवी आली, असं कुणी म्हणता कामा नये. विचारणाऱ्याला टायफॉईड सांगायचं. टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचा. विहारातल्या वंदनेला मी आणि बाबा नेमानं जात राहिलो, कारण गेलो नसतो तर लोकांनी विचारलं असतं. तिथं डोळे मिटून बसलेली मी मनात एवढंच म्हणत होते, की शाळा उघडायच्या आत हिचं हे नाटक संपू दे.

हो, नाटक. माझ्या डोक्यात दोनच खाने होते. एकात देवी, दुसऱ्यात ढोंग. देवी नसतेच, मग उरलं काय? परीक्षा जवळ आली होती, पहिल्या वर्षाचा एक विषय राहिला होता. पोरगी अभ्यासातून सुटायला करत असेल. अंगात येणाऱ्या बायांना तिनं माझ्याबरोबर जवळून पाहिलं होतंच, नक्कल कुठून आली हा प्रश्नही मिटला. मी इतकी शहाणी होते.

माय एका दुपारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "प्रतापगडले नेऊ का वो हिले? दर्ग्यावर सारेच जातेत. कोनाले सांगाचं नाही."

आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या दर्ग्याचं ती म्हणत होती. मी भडकले. म्हटलं, "माय, तूनं बावीस प्रतिज्ञा घेतल्या हायेत. इसरली का?"

"प्रतिज्ञा माह्या हायेत," माय म्हणाली, "पोरगी बी माहीच हाये."

वादात हरणं मला सहन होत नसे. मी तशीच तरातरा मागच्या खोलीत गेले. बहीण उताणी पडली होती, डोळे उघडे, तोंड चालू. मी तिचा उजवा हात मनगटाला धरून उचलला, बरोबर तिच्या तोंडावर आणला आणि सोडून दिला.

हात पडला नाही.

तोंडावर नाही, बाजूला नाही, कुठंच नाही. मी सोडला तिथंच तो हवेत राहिला, मनगट किंचित वाकलेलं, बोटं माझ्या बोटांनी जशी दाबली होती तशीच दबलेली. मी वाट पाहिली. बाहेर टीव्हीवर एक जाहिरात संपून दुसरी सुरू झाली. हात तिथंच. शिबिरात दोन प्रकार शिकवले होते. तिसरा कुणी सांगितला नव्हता. आणि जे मला शिकवलेलं नाही ते असूच शकत नाही, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं. हात धरून ठेवते म्हणजे शुद्धीवर आहे. शुद्धीवर आहे म्हणजे माझी थट्टा करून राहिली.

मी तिच्या थोबाडीत मारली.

आवाज ऐकून माय धावत आली. "काऊन मारून राहिली वो तिले?" ती ओरडली. "मास्तरीन झाली म्हनून लेकराचा जीव घेशील का?" मायनं मला खांद्याला धरून मागे ओढलं. बहिणीच्या गालावर माझी चार बोटं उमटली होती. तिची पापणीही हलली नव्हती. तोंड चावत होतं. आणि हात वरच होता.

मी खोलीतून निघून गेले. त्यानंतर तीन दिवस मी तिच्याकडे नीट पाहिलं नाही. तिला दूध पाजायचं काम मायवर टाकलं. दूध अर्धं बाहेर यायचं. गालाची हाडं दिसायला लागली होती, आणि मी गाईडमधून पोरांच्या चाचणीचे पेपर काढत बसले होते.

चौथ्या सकाळी शेजारीण आली. हातात नारळ, हळदकुंकू, डोक्यावर पदर. मी दारातच अडवलं. म्हटलं, आमच्याकडे हे चालत नाही. ती बाई धिप्पाड होती. तिनं मला दाराच्या फळीसारखं बाजूला केलं आणि सरळ मागच्या खोलीत गेली. नारळ पायाशी ठेवला, पाया पडली आणि मग वर मान करून पाहत राहिली. पाहतच राहिली. मी काहीतरी टोचून बोलायची तयारी करत होते.

"नींद में भी चलता है क्या मुँह?" तिनं मायला विचारलं.

"झोपतच नाही वो. डोळा लागला तरी चालूच राह्यते," माय म्हणाली.

"कितने दिन से?"

मायनं बोटं मोजली. तोंड हलायला लागल्यापासून तो अकरावा दिवस होता.

शेजारणीनं नारळ उचलून पुन्हा पिशवीत घातला. "ये माता नहीं है," ती म्हणाली. "मेरे को शादी के बाद से आती है। घंटा भर, बहुत हुआ तो दो। फिर मैं पानी पीती हूँ और उठ के भाजी बघारती हूँ। माता भूखा नहीं मारती। माता ग्यारह दिन मुँह नहीं चबवाती। बीमार है तुम्हारी लड़की, मरने को आई है। तुम लोग पढ़े-लिखे हो कि क्या हो?" मग तिनं, तोंड पुसताना मायनं उचललेला आणि तसाच हवेत राहिलेला बहिणीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, हळूहळू खाली आणला आणि चादरीत घातला.

मी भिंतीला टेकले. आयुष्यभर जिला मी अडाणी म्हटलं, तिनं एका नजरेत ओळखलं होतं. तिला देवी कशी येते ते ठाऊक होतं, म्हणून हे ते नव्हे एवढं तिला कळलं. मला देवी नसते एवढंच ठाऊक होतं. त्यापुढं मी पाहिलंच नव्हतं.

गाडी तिच्याच मुलानं आणली. गोंदियाच्या दवाखान्यात पोचायच्या आधी, रेल्वे फाटकाशी, बहिणीला मोठी फीट आली. मायच्या मांडीवर तिचं अंग ताठ झालं, ओठ निळे पडले. फाटक बंद होतं. बाबांनी त्या रुळांवर सगळी नोकरी काढली होती. ते गाडीतून उतरले आणि फाटकवाल्याला हात जोडू लागले. मी बाबांना कुणापुढं हात जोडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मालगाडी सावकाश गेली.

गोंदियाहून त्याच दिवशी नागपूर. तिथले मेंदूचे डॉक्टर वयानं माझ्याएवढेच असतील. त्यांनी तिचं तोंड पाहिलं, बोटं पाहिली, आणि मग तिचा हात मनगटाला धरून उचलला आणि सोडून दिला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हात तिथंच होता.

"ती मुद्दाम करते का?" मी विचारलं. मला ऐकायचं होतं आणि ऐकायचं नव्हतं.

"तुम्ही करून पाहा," डॉक्टर म्हणाले. "असाच हात धरा. मी बाकीची तपासणी करतो तोवर."

मी धरला. आधी काही वाटलं नाही. मग खांदा दुखायला लागला, मग बोटं थरथरू लागली. त्यांची तपासणी निम्मीही झाली नव्हती तेव्हा माझा हात आपोआप खाली आला. तिचा वरच होता. शांत, जराही न थरथरता.

पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आपल्या शरीरात बाहेरच्या रोगाशी लढणारी जी ताकद असते, तीच चुकून स्वतःच्या मेंदूवर उलटते. मेंदूला सूज येते. आधी माणूस वेड्यासारखा बोलतो, मग तोंड, हातपाय स्वतःच्या मर्जीनं हलू लागतात, मग अंग मळलेल्या मातीसारखं, जसं ठेवाल तसं राहतं. तरुण पोरींना जास्त होतो. हा आजार ओळखायला लागून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. "घरचे बहुतेकदा आधी बाहेरचं काहीतरी समजतात," ते म्हणाले. "नाहीतर नाटक."

तो शेवटचा शब्द त्यांनी सहज उच्चारला होता. माझ्या कानात मात्र गरम शिसं ओतल्यासारखं झालं.

पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. पोटाची सोनोग्राफी केली. अंडाशयात एक गाठ निघाली, लिंबाएवढी. ती काढली. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बाजूला बोलावलं आणि सांगितलं की गाठीत केसांचा पुंजका होता, एक दात होता, आणि मेंदूसारखा थोडा भाग होता. अशा गाठी होतात, घाबरू नका. त्या परक्या तुकड्याशी लढता लढता शरीर खऱ्या मेंदूवर उलटलं होतं.

केस आणि दात! लिंबातून रक्त काढून दाखवणारी मी, सबंध सालेकसा तालुक्याला हातचलाखी समजावणारी मी, त्या लांबलचक व्हरांड्यात खाली बसले. हे कुणा भगतानं सांगितलं असतं तर मी त्याला पोलिसात दिलं असतं. मायला मी फक्त "गाठ होती" एवढंच सांगितलं. अजूनही तिला तेवढंच माहीत आहे.

बहीण हळूहळू परतली. इंजेक्शनं, सलाईन, महिने. आधी हात थांबले, मग तोंड. एका सकाळी तिनं मायकडे पाणी मागितलं आणि माय पाणी आणायचं सोडून रडत उभी राहिली. घरी आल्यावर शेजारणीनं तिच्यासाठी वरणात शिजवलेल्या गरम चकोल्या पाठवल्या. बाबांनी मागच्या खोलीची खिडकी उघडली आणि तिची कडीच काढून टाकली. कॉलेजचं एक वर्ष गेलं, पुढे तिनं बी.एस्सी. पुरं केलं. आता ती एका शाळेत विज्ञान शिकवते, माझ्यापेक्षा बरं शिकवते.

मी प्रयोग बंद केले नाहीत. लिंबू, कापूर, नारळ आजही करते. अंगात येण्याचा भाग मात्र गाळते. कुणाच्या घरात असं काही दिसलं तर आधी दवाखान्यात न्या म्हणते, मग माझ्याकडे या. लोकांना वाटतं मी नरमले.

त्या हरवलेल्या महिन्याचं बहिणीला फार लागून राहिलं होतं. ती एकेकाला विचारत राहायची. मायनं तिला खर्ऱ्याचं सांगितलं, ती पोट धरून हसली. शेजारणीनं नारळाचं सांगितलं. बाबांनी फाटकाचं सांगितलं. प्रत्येकाकडून एकेक तुकडा घेऊन ती आपला महिना जोडत होती. माझ्याकडे आली की मी म्हणायचे, मी तर घरीच होते, बाकीच्यांनी सांगितलं तेच. चारपाच वर्षं मी हेच म्हणत राहिले. गालावर मारलेल्या माणसाला गालाचं आठवत नाही, मग कायले उकरायचं? अशी मी माझी समजूत घालत असे.

मग एका रविवारी आम्ही दोघी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, एक दुपार बाकी हाये. माय म्हनते, त्या दुपारचं ताईलेच विचार."

शेंग माझ्या हातात तशीच राहिली. मग मी सगळं सांगितलं. दोन खाने, शिबिरात शिकलेली परीक्षा, मनगट धरून उचललेला हात. ती नाटक करतेय असं मला वाटलं होतं, हेही सांगितलं. मारलं ते सांगितलं. सांगताना मी रडत होते आणि ती शेंगा सोलत होती. तिची बोटं दाणे काढून टोपल्यात टाकत होती, थोडं थोडं, न थांबता. मला त्या बोटांकडे पाहवेना.

तिनं माफ केलं असं म्हटलं नाही. रागावलीही नाही. वर्गातल्या पोराला उत्तर विचारावं तसं तिनं विचारलं, "मारल्यावर खाली आला का हात?"

"नाही," मी म्हणाले. "तसाच वर होता."

"मंग तुह्या परीक्षेत मी पास झाली होती ना वो," ती म्हणाली.